टार्गोव्हित्सा ही शिवी आहे

३१ जुलै २०२५, गुरुवार. वॉर्सा

पोचलो आणि नळाला गरम पाणी नव्हतं. उन्हाळ्यात इथे पाइपांच्या दुरुस्तीसाठी एकेका भागातलं गरम पाणी काही दिवस बंद ठेवतात. इमारतीच्या दारावर तशी चिठ्ठी चिकटवलेली होती. मी कोल्हापूरचा, गार पाण्याचं मला काय कौतुक. पण भाची हसायला लागली. "मामा, या देशात नळाच्या गरम पाण्यावरून पंतप्रधानांची बदनामी झालीय, माहितीये तुम्हाला?"

गोष्ट अशी. २०१० मध्ये पंतप्रधान डोनाल्ड टुस्क एका मुलाखतीत म्हणाले होते की, भव्य स्वप्नांपेक्षा नळाला गरम पाणी येईल असं राजकारण मला बरं वाटतं. आपल्याकडे 'रस्ते, वीज, पाणी' म्हणणाऱ्याला टाळ्या मिळतात. इथे विरोधकांनी ते वाक्य टुस्क यांच्या गळ्यात घंटेसारखं बांधलं. राष्ट्राच्या आत्म्याबद्दल बोलायचं सोडून हा माणूस प्लंबिंगबद्दल बोलतो, असा सूर. घंटा अजून वाजते.

मला आधी यात विनोदच दिसला. मग भाचीनं जेवताना सनावळी ऐकवली. १७७२, १७९३, १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं पोलंड गिळला आणि पुढची १२३ वर्षं, १९१८ पर्यंत, नकाशावर हा देशच नव्हता. राष्ट्रगीताची पहिली ओळच 'पोलंड अजून मेलेला नाही' असं सांगते. या १२३ वर्षांत देशानं काय करायचं, यावर दोन मतं पडली. एक म्हणे, उठाव करा. दुसरं म्हणे, १८६३ चा उठाव चिरडला गेला तेवढं पुरे. शाळा काढा, शेती सुधारा, कारखाने घाला. म्हणजे गरम पाण्याचा पक्ष तेव्हापासूनचा आहे, आणि त्याला भेकड म्हणणारेही तेव्हापासूनचेच.

संध्याकाळी जुन्या गावात फिरलो. राजवाडा जर्मनांनी १९४४ मध्ये सुरुंग लावून उडवला होता, तो १९७१ पासून पुन्हा उभारला. चौकातली सतराव्या शतकातली वाटणारी घरं वयानं माझ्या वडिलांपेक्षा लहान आहेत. जुनी चित्रं आणि नकाशे समोर ठेवून वीट न् वीट रचलेली. इतिहास इथे हातानं बांधून काढलेला आहे.

याच बाजारचौकात मला या सहलीतला सगळ्यात उपयोगी शब्द मिळाला. १७९१ च्या ३ मे रोजी पोलंडनं संविधान स्वीकारलं, आधुनिक अर्थानं युरोपातलं पहिलं. पुढच्याच वर्षी काही बडे सरदार आपले जुने हक्क वाचवायला रशियाच्या कॅथरीन सम्राज्ञीकडे गेले आणि तिच्या जोरावर संविधानाविरुद्ध आघाडी उभी केली. आघाडी जाहीर झाली ते गाव टार्गोव्हित्सा. रशियाची फौज आली, संविधान गेलं, मागोमाग देशही गेला. १७९४ च्या उठावात लोकांनी त्यातले काही पुढारी फासावर चढवले. जे निसटले त्यांच्या तसबिरी फासावर लटकवल्या, इथे, याच चौकात. नॉर्ब्लँ नावाच्या चित्रकारानं ते दृश्य रंगवून ठेवलं आहे.

आता उडी मारा २०१७ मध्ये. कातोविचे शहरात नोव्हेंबरच्या एका सभेत उजव्या राष्ट्रवाद्यांनी सहा खासदारांचे फोटो फासावर लटकवले. गुन्हा काय, तर युरोपियन संसदेत पोलंडच्या सरकारवर टीका करणाऱ्या ठरावाला त्यांनी मत दिलं होतं. म्हणजे परक्याच्या दरबारात घरचं गाऱ्हाणं नेलं. वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही संदर्भ समजावून सांगावा लागला नाही. टार्गोव्हित्सा इथे शिवी आहे. आपल्याकडे सूर्याजी पिसाळ म्हटलं की पुढचं बोलावं लागत नाही, तसंच. फरक इतकाच की इथे ती शिवी दोन्हीकडून येते. त्या सरकारनं न्यायालयांना हात घातला तेव्हा रस्त्यावर उतरलेले लोक म्हणत, संविधान तुडवणारे तुम्ही, म्हणून टार्गोव्हित्सा तुम्ही. त्यांच्या टी-शर्टवर एकच शब्द असे, 'कोन्स्तितुत्स्या'. अक्षरांच्या रंगांत एक खुबी: पोलिशमध्ये या शब्दाच्या पोटात 'ती' म्हणजे तू आणि 'या' म्हणजे मी लपलेले आहेत. तेवढी अक्षरं वेगळ्या रंगात.

१ ऑगस्ट, शुक्रवार. वॉर्सा

भाचीनं चारलाच घराबाहेर काढलं. "पाचला कुठेही असा, पण रस्त्यावर असा."

पाचला पाच मिनिटं असताना द्मोव्स्की चौक माणसांनी भरलेला होता. तरुण पोरं, कडेवर लेकरं घेतलेले बाप, वयस्कर बाया, कामावरून सुटलेले टाय लावलेले लोक. दंडावर लाल-पांढऱ्या पट्ट्या. बऱ्याच जणांच्या शर्टावर, काहींच्या हातावर गोंदलेली, 'प' आणि 'व' ही रोमन अक्षरं जहाजाच्या नांगरासारखी जोडलेली खूण: 'लढणारा पोलंड'. मग सायरन वाजले. शहरभर, एकदम. ट्राम जागच्या जागी थांबल्या, ड्रायव्हर खाली उतरून उभे राहिले, गाड्यांचे भोंगे लागले, आणि पोरांनी हातातल्या लाल मशाली पेटवल्या. धुरात पुढचा माणूस दिसेना. मिनिटभर कोणी हललं नाही.

१९४४ मध्ये याच तारखेला याच वेळी भूमिगत सेनेनं जर्मनांविरुद्ध उठाव सुरू केला. तो ६३ दिवस चालला. नदीपलीकडे आलेलं सोव्हिएत सैन्य थांबून राहिलं. दोन लाखांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक साधे नागरिक, आणि मग उरलेलं शहर जर्मनांनी रस्त्यामागून रस्ता पाडलं.

रात्री भाचीच्या गच्चीवर तिचे चार मित्र जमले. मी भाबडेपणानं विचारलं, "उठाव करायला नको होता, असं कोणी म्हणतं का?" दोन तास झाले तरी उत्तर संपेना. एकजण म्हणाला, शहर आणि एक अख्खी पिढी जाळून काय मिळालं? दुसरी म्हणाली, ते लढले नसते तर आज सायरन वाजवायला आपण असतो का? दोघेही माहितीत पक्के होते. शब्द मात्र १९४४ चे राहिले नाहीत. हळूहळू ते युक्रेन, ब्रसेल्स आणि जूनमधल्या निवडणुकीवर घसरले. कोण लढणारे आणि कोण तडजोड करणारे, एवढाच प्रश्न. उठावाचं संग्रहालय २००४ मध्ये उघडलं, तेव्हा लेख काचिन्स्की महापौर होते. पुढच्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्ष झाले. एका संग्रहालयानं निवडणूक जिंकून दिली असं मी म्हणणार नाही. पण पुण्यात एखाद्या महापौराला संग्रहालयाच्या पुण्याईवर मुंबईपर्यंत तरी जाता येईल का, ते बघा.

२ ऑगस्ट, शनिवार. वॉर्सा

ज्या रस्त्यावर फिरलो त्याचं नाव क्राकोव्स्क्ये प्शेद्म्येश्च्ये. तीनदा म्हणून बघा, मग पुढे वाचा.

रस्त्यावर आधी कवी मित्स्क्येव्हिच यांचा पुतळा लागतो, मग राष्ट्राध्यक्षांचा वाडा. क्रम बरोबर आहे. देश नव्हता तेव्हा कवींनी तो सांभाळला, असं इथे मानतात. पोलंड म्हणजे राष्ट्रांमधला ख्रिस्त, इतरांसाठी सुळावर चढलेला आणि म्हणून पुन्हा उठणारा, ही कल्पना मित्स्क्येव्हिच यांनी परागंदा असताना रुजवली. १९६८ च्या जानेवारीत त्यांचंच एक जुनं नाटक राष्ट्रीय रंगभूमीवर बंद पाडलं गेलं. झारविरुद्धच्या ओळींना प्रेक्षक फारच जोरात टाळ्या वाजवत होते, आणि त्या टाळ्या झारसाठी नाहीत हे कम्युनिस्ट सरकारला कळत होतं. विद्यार्थी या पुतळ्यापाशी जमले, मार्चमध्ये विद्यापीठं पेटली.

वाड्यासमोर २०१० च्या उन्हाळ्यात एका लाकडी क्रुसावरून महिनोन्‌महिने रात्रंदिवस ठिय्या चालला होता. त्या वर्षी १० एप्रिलला राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की, त्यांच्या पत्नी आणि सेनाधिकाऱ्यांसह ९६ जण स्मोलेन्स्कजवळ विमान कोसळून गेले. ते निघाले होते कातिनला, जिथे १९४० मध्ये सोव्हिएत पोलिसांनी पोलिश अधिकाऱ्यांना मारलं; त्या कत्तलींत एकूण २२ हजारांच्या आसपास माणसं गेली. कातिनबद्दल कम्युनिस्ट काळात खरं बोलायची सोय नव्हती. आता त्याच वाटेवर दुसरा घाव. वाद मात्र एका क्रियापदावर आला. पोलिशमध्ये अपघातात मेलेल्यासाठी एक शब्द आहे, रणात पडलेल्यासाठी दुसरा. काही लोक आग्रहानं दुसरा वापरू लागले. भाची मराठीत कसं सांगावं म्हणून अडखळली, तेव्हा मीच म्हटलं, "मृत्युमुखी पडले की धारातीर्थी पडले, हेच ना?" हेच. आणि धारातीर्थी म्हटलं की समोर शत्रू आलाच. तपास अहवाल काहीही म्हणोत. काचिन्स्कींचे जुळे भाऊ यारोस्वाव, टुस्क यांच्या विरोधी पक्षाचे नेते, यांनी पुढे कितीतरी वर्षं दर महिन्याच्या दहा तारखेला मिरवणूक काढली.

जवळच पिल्सुडस्की चौक. २ जून १९७९ ला इथेच पोलिश पोप जॉन पॉल दुसरे बोलले: तुझा आत्मा उतरो आणि भूमीचं रूप नवं करो. प्रार्थनेतलं जुनं वाक्य, पण शेवटी त्यांनी थांबून दोन शब्द जोडले, 'या भूमीचं'. सरकारला पकडायला जागाच नाही. पोपनं बायबलच वाचलं होतं. थेट बोलता येत नाही अशा देशात माणसं नाटकाच्या ओळीतून, प्रार्थनेतल्या सर्वनामातून बोलायला शिकतात. बंदी गेली तरी ती सवय जात नाही, असं मला या चौकात उभं राहून वाटलं.

दुपारी माझी एक खासगी यात्रा होती. मोन्ते कासिनो या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईच्या स्मारकाजवळ कोल्हापूरचं नाव असलेली पाटी आहे. १९४० पासून सोव्हिएत राजवटीनं सायबेरियात नेलेल्या पोलिश कुटुंबांतल्या बायका-मुलं इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि त्यातले सुमारे पाच हजार जण १९४३ ते ४८ आमच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. पुढे तिथेच सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं. लहानपणी दिवाळीचे कपडे घ्यायला आम्ही गांधीनगरला जायचो. त्या बराकींत पोलिश शाळा भरत होत्या, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी इथे फुलं वाहिली. मी खिशातला रुमाल काढून पाटीवरची धूळ पुसली. भाची लांब उभी राहिली, बरं केलं.

३ ऑगस्ट, रविवार. ग्दान्स्क

आगगाडीनं तीन तासांच्या आत समुद्रकाठी. स्टेशनवर भाचीचे सासरे आले होते, म्हणजे आमचे व्याहीच. उभं आयुष्य जहाजबांधणीच्या गोदीत काढलेला माणूस, तळवे फावड्यासारखे. ते मला 'पान' म्हणजे 'साहेब' म्हणत, मी त्यांना 'पान'. मधे भाची दुभाषी.

गोदीच्या दुसऱ्या नंबरच्या फाटकापाशी तीन उंच क्रूस आहेत, ४२ मीटरचे, त्यांवर नांगर टांगलेले. १९७० च्या डिसेंबरात सरकारनं गोळ्या घातलेल्या कामगारांचं हे स्मारक. कम्युनिस्ट सरकार असताना, १९८० च्या डिसेंबरात, ते उभं राहिलं. पायथ्याशी मिवोश यांच्या कवितेच्या ओळी आहेत. कामगारांच्या स्मारकावर क्रूस आणि कविता; लाल तारा कुठेच नाही.

पण व्याह्यांनी मला आधी नेलं ते प्लायवूडचे दोन फळे बघायला. ऑगस्ट १९८० च्या संपाच्या २१ मागण्या त्यांवर हातानं लिहिल्या आहेत. आता 'युनेस्को'च्या यादीत आहेत. पहिली मागणी स्वतंत्र कामगार संघटनेची, तिसरी भाषणस्वातंत्र्याची. तेराव्या मागणीत मांसासाठी रेशनकार्ड मागितलं आहे. एकविसावी शनिवारच्या सुट्टीची. व्याही तेराव्यावर बोट ठेवून म्हणाले, "लोक पहिली वाचतात. मी ही वाचतो. आमच्या घरात ही महत्त्वाची होती." मला गुरुवारचं गरम पाणी आठवलं. इथे दोन्ही पक्ष एकाच फळ्यावर होते.

आणि लेख वाव्हेन्सा, आपल्या वर्तमानपत्रांचे लेक वालेसा. गोदीतला इलेक्ट्रिशियन, त्या संपाचा आणि त्यातून उभ्या राहिलेल्या 'सॉलिडॅरिटी' चळवळीचा पुढारी, कोटाच्या कॉलरवर चेन्स्तोहोव्हाच्या काळ्या मेरीचं चित्र. ३१ ऑगस्टला सरकारशी करार केला तो पोपचं चित्र असलेल्या भल्यामोठ्या पेनानं. त्यांची भाषा सरदारी वळणाची नव्हती. 'मला नगं हाय, पन करावं लागतंय' अशा चालीचं त्यांचं एक अशुद्ध वाक्य इथे म्हण होऊन बसलंय, आणि 'धन अधिक' व 'ऋण अधिक' असे अधिकाचे दोन प्रकार त्यांनीच शोधले म्हणतात. शिकलेले हसायचे, पण गोदीला कळायचं. हाच माणूस १९८९ मध्ये अमेरिकी संसदेत उभा राहिला आणि त्यांच्याच संविधानाचे पहिले शब्द 'आम्ही, लोक' म्हणून सुरुवात केली. अख्खं सभागृह उभं.

"आता?" मी विचारलं. व्याह्यांनी खांदे उडवले. वाव्हेन्सा १९७० च्या दशकात गुप्त पोलिसांचे खबरे होते, या आरोपावरून देश दुभंगलेला आहे. ते स्वतः नाकारतात. टुस्क आणि यारोस्वाव काचिन्स्की दोघेही याच चळवळीतून आले. एकाच बापाच्या वाटणीसाठी भांडणारे भाऊ, त्यामुळे कोणीही मृत्युपत्राशिवाय बोलत नाही. खरोखरच गंमत बघा: टुस्क इतिहासाचे पदवीधर, माजी पंतप्रधान मोराव्येत्स्की इतिहासाचे, माजी राष्ट्राध्यक्ष कोमोरोव्स्की इतिहासाचे. जूनमध्ये काचिन्स्कींच्या पक्षाच्या पाठिंब्यानं राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेले कारोल नाव्रोत्स्की तर इतिहासात डॉक्टरेट केलेले, इथल्याच दुसऱ्या महायुद्धाच्या संग्रहालयाचे माजी संचालक. आपल्याकडे वकिलांचा भरणा, इथे इतिहासवाल्यांचा. खटला आणि परीक्षा यांत जो फरक, तो भाषणांतही जाणवत असावा.

४ ऑगस्ट, सोमवार. ग्दान्स्क

सकाळी सेंट मेरीच्या प्रचंड चर्चमध्ये पाव्हेल आदामोव्हिच यांची समाधी पाहिली. वीस वर्षं ग्दान्स्कचे महापौर. २०१९ च्या १३ जानेवारीला, रुग्णालयांसाठी निधी जमवण्याच्या देशव्यापी दिवशी, मंचावर गावाच्या दिलदारपणाबद्दल चार शब्द बोलून झाले आणि एकानं त्यांना भोसकलं. दुसऱ्या दिवशी गेले. मारेकरी तुरुंगातून नुकताच सुटलेला, डोक्यात पूर्वीच्या सरकारबद्दल राग. त्याच्या डोक्यात काय होतं ते डॉक्टरांनी बघावं. पण २०१७ मध्ये निर्वासितांच्या बाजूनं बोललेल्या अकरा महापौरांच्या नावे तरुणांच्या एका राष्ट्रवादी संघटनेनं 'राजकीय मृत्यूचे दाखले' काढले होते, त्यात यांचंही नाव होतं. फासावरच्या तसबिरी, मृत्यूचे दाखले. चर्चमध्ये हे सांगताना भाचीचा आवाज उतरला, आणि मीही काही विचारलं नाही.

दुपारी व्याह्यांकडे जेवण. 'रुस्क्ये' पिएरोगी म्हणजे बटाटा आणि चीजची करंजी, मला शाकाहारी म्हणून खास. रशियाशी याचा संबंध नाही, हे 'रुस' नावाच्या जुन्या प्रांताचं नाव. तरी २०२२ नंतर काही खानावळींनी पाट्यांवर 'युक्रेनी पिएरोगी' लिहिलं. व्याही म्हणाले, करंजीला पासपोर्ट कशाला. मग टुस्क यांच्या आजोबांवर गाडी गेली. २००५ च्या निवडणुकीत विरोधी गोटातल्या एकानं सांगितलं की टुस्क यांचे आजोबा आपणहून जर्मन सैन्यात गेले होते. खरं तर ते काशुबी या इथल्या स्थानिक समाजातले, नाझी छळछावणीत राहिलेले, आणि या भागातल्या असंख्य पोरांसारखे जबरदस्तीनं भरती झालेले. टुस्क हरले. आजोबांनी हरवलं असं नाही, पण वीस वर्षांनी आजोबा अजून प्रचारात आहेत. "माझा आजाही तसाच गेला होता," व्याही म्हणाले, "फक्त मी कधी निवडणुकीला उभा राहिलो नाही."

५ ऑगस्ट, मंगळवार

दिवसभर आगगाडी. क्राकुव. झोपलो.

६ ऑगस्ट, बुधवार. क्राकुव

सकाळी लवकर व्हावेल टेकडी. कॅथीड्रलच्या तळघरात राजे झोपलेत, आणि त्यांच्यात कवीही. मित्स्क्येव्हिच यांना १८९० मध्ये परदेशातून आणून इथे पुरलं. १९२७ मध्ये स्वोव्हात्स्की या दुसऱ्या कवीला आणलं, तेव्हा मार्शल पिल्सुडस्कींनी हुकूम दिला की यांना राजांशेजारी ठेवा, कारण ते राजांच्या तोलाचे होते. एका सेनापतीनं कवीला दिलेलं ते प्रशस्तिपत्र मला या सबंध प्रवासात सगळ्यात आवडलं. खुद्द पिल्सुडस्की एका बुरुजाखालच्या तळघरात, आणि त्यांच्या दालनाच्या ओसरीवर काचिन्स्की दांपत्य. २०१० मध्ये त्यांना इथे पुरायचं ठरलं तेव्हा दुखवट्यातच निदर्शनं झाली. जागेचा प्रश्न नव्हता, रांगेचा होता.

खाली उतरलो तोवर दहा वाजत आले होते. वॉर्सात नाव्रोत्स्की यांचा शपथविधी. ५०.८९ विरुद्ध ४९.११ टक्के, एवढ्याशा फरकानं आलेले. आजच्याच तारखेला, १९१४ मध्ये, पिल्सुडस्कींची पहिली तुकडी याच क्राकुवमधून स्वातंत्र्यासाठी चालत निघाली होती. शपथेची तारीख मात्र त्यासाठी निवडलेली नाही, २०१० च्या अपघातानंतर कार्यकाळाचं गणितच तसं बसलं. इथे योगायोगालाही सनावळी चिकटते.

बाजारचौकाजवळच्या एका छोट्या कॅफेत टीव्ही चालू होता. कॉफीवाला, दोन विद्यार्थी, आम्ही, आणि कोपऱ्यात टोपी घातलेल्या एक आजी. शपथेत राष्ट्राची प्रतिष्ठा, स्वातंत्र्य, मातृभूमीचं भलं असे शब्द आले. शेवटी 'देव मला साहाय्य करो' हे म्हणायचं की नाही ते संविधानानं ज्याच्या त्याच्यावर सोडलं आहे, यांनी म्हटलं. सभागृहाचा एक भाग उभा राहून टाळ्या वाजवत होता. कॅमेरा फिरत टुस्क यांच्या बाकांवर आला.

आजींनी कपात चमचा फिरवला आणि पुटपुटल्या, "टार्गोव्हित्सा."

मी भाचीकडे पाहिलं. कोणाला म्हणाल्या? नव्या राष्ट्राध्यक्षांना, की समोरच्या बाकावरच्यांना? भाचीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, आणि हलकेच मान हलवली. तिलाही कळलं नव्हतं.